रावेतला घंटा ऐकू येत नाही

संपादकांचा फोन आला, "सोनवणे, औद्योगिक नगरीचा विशेष विभाग काढतोय, फाउंड्रीतले अनुभव लिहा." मी म्हटलं, फाउंड्रीतले अनुभव म्हणजे धूळ, घाम आणि सुपरवायझर. ज्यांनी ते भोगलंय ते वाचणार नाहीत, आणि ज्यांनी भोगलं नाही त्यांना ते कळणार नाहीत. त्यापेक्षा रिटायर झाल्यावर जे करतोय ते लिहितो. "काय करताय सध्या?" त्यांनी विचारलं. "घंटा," मी म्हटलं. त्यांना वाटलं, मी शिवीच दिली.

यात त्यांचा दोष नाही. आमच्याकडे कुठल्याही कंपनीच्या गेटवर उभं राहून 'यंदा इन्क्रिमेंट किती?' असं विचारा, याच एका शब्दात उत्तर मिळेल. मी मात्र खरोखरच घंटा सांभाळतो. एका जुन्या दगडी चर्चची घंटा, तिचा मनोरा आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या खोलीतलं छोटंसं संग्रहालय. चर्चचं नाव लिहीत नाही, कमिटीला आवडणार नाही. कमिटीला काय काय आवडत नाही हे मला एव्हाना पाठ झालंय.

मी राहतो संत तुकाराम नगरात. बौद्ध माणूस, घरात देव्हारा नाही. त्यामुळे ही नोकरी धरली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी तोंडसुख घेतलं. "घरी देव ठेवला नाही आणि म्हातारपणी येशूकडे कामाला लागलात. जन्मभर कंपनीच्या भोंग्यावर चाललात, आता घंटेवर चाला." रिटायर्ड माणसाने घरात बोलायचं नसतं, हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

नोकरी लागली तीही गंमतच. घंटा बद्द वाजायला लागली होती. बद्द म्हणजे फुटक्या मडक्यासारखी. फाउंड्रीत आम्ही ओतलेला प्रत्येक नग हातोडीने टिचकून बघायचो. चांगला असला तर गातो, तडा असला तर बद्द बोलतो. कमिटीचे सेक्रेटरी साळवेसर, हे रिटायर्ड हेडमास्तर, कोणाच्या तरी ओळखीने माझ्यापर्यंत आले. वर चढून पाहतो तर घंटा शाबूत, टांगणीचा बोल्ट तेवढा ढिला. पाना फिरवला, घंटा गायला लागली. सर इतके खूश झाले की त्यांनी मला झाडू, किल्ल्या आणि संग्रहालय असं सगळंच देऊन टाकलं.

संग्रहालय म्हणजे एक खोली आणि दोन काचेची कपाटं. फाटक्या भात्याची हार्मोनियम, पोचा आलेला चांदीचा पेला, मोडी लिपीत छापलेलं शुभवर्तमान, बाप्तिस्म्याचं दगडी कुंड. गुरुवारी आणि रविवारी दुपारी उघडं. गुरुवारी अशासाठी की इकडच्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी. लोक बायकापोरांना घेऊन येतात, कारण मॉलमध्ये गेलं की खर्च होतो आणि आमच्याकडे होत नाही. येतात ते दारातच चपला काढतात. मी सांगून थकलो, राव, इथं चपला चालतात. "देवाचंच हाय ना?" म्हणतात. मग दगडी कुंडात बोटं बुडवून तीर्थ घेतात. ते कुंड कोरडं आहे. मी पूर्वी सांगायचो, आता सांगत नाही.

सगळ्यात जास्त गर्दी एका फोटोपुढे. घंटा स्टेशनवरून बैलगाडीने चर्चमध्ये आली तेव्हाचा तो फोटो आहे. बैल दोन्ही अख्खे आलेत, घंटा आलीय, गोरा साहेब टोपीसकट आलाय. गाडीवान मात्र मानेपासून वर कापला गेलाय. त्यामुळे तो कोणाचाही पणजोबा होऊ शकतो. वाकडचे, ताथवड्याचे, चाकणचे, किती घराण्यांनी मला छातीवर हात ठेवून सांगितलं की गाडी आमचीच. एकाने तर बैल ओळखला. मी सगळ्यांना हो म्हणतो. ज्याला डोकंच नाही त्याच्यावरून भांडण कशाला?

आता घंटेचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लोलकाला दोर बांधलेला असतो, तो खाली ओढला की लोलक काठावर आपटतो. रविवारी उपासनेसाठी वाजवायची ती भराभर. एक नाद विरायच्या आत दुसरा. आणि मंडळीतलं कोणी गेलं की संथ वाजवायची. एक टोला द्यायचा, त्याचा नाद पूर्ण विरू द्यायचा, मग दुसरा. बस, एवढंच शास्त्र. पण चर्चच्या मागच्या वस्तीत मूळ नगरकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत, त्यांचे कान या अंतरावर तयार झालेले. एकच टोला पडला तर बेकरीवाला पाव भरता भरता थांबतो. दुसरा उशिरा आला की तो शटर अर्धं खाली ओढतो आणि निघतो.

हे मला शिकवलं रूथमावशींनी. मावशी म्हणजे हॉस्पिटलातल्या रिटायर्ड सिस्टर, नवरा या चर्चची घंटा वाजवायचा. तो गेल्यावर स्वतःच वाजवायच्या, गुडघे गेले तेव्हा दोर सोडला. चर्चच्या मागे दोन खोल्यांत एकट्या. मुलगा संजय लांब रावेतला, मोठ्या सोसायटीत, लिफ्ट, वॉचमन, स्विमिंग पूल, सगळं. तो दर रविवारी येऊन म्हणायचा, आई, चल. आणि मावशी दर रविवारी एकच उत्तर द्यायच्या, रावेतला घंटा ऐकू येत नाही.

मला वाटायचं हा म्हातारपणाचा हट्ट. एकदा संग्रहालयात चहा पिताना मी विचारलंच. म्हटलं, मावशी, रागावू नका, पण तुमच्यासाठी वाजेल तेव्हा तुम्हाला थोडीच ऐकू येणार आहे?

मावशींनी बशी खाली ठेवली. "मला कशाला ऐकू यायला पाहिजे? बाकीच्यांना येईल. सोनवणे, या वस्तीत टोला पडला आणि मी उठले नाही असं झालं नाही. ड्यूटी करून आलेली असले तरी उठले. किती जणांना आंघोळ घातली, किती जणांचे डोळे मिटले. साळवेच्या बापाला मीच शेवटचं पाणी पाजलं. मी सगळ्यांसाठी उठले. माझ्यासाठी कोणी तरी उठावं, एवढंच आहे. रावेतला कोण उठणार? तिथं लिफ्टमधून नेतात आणि शेजाऱ्याला पार्किंग रिकामं दिसल्यावर कळतं."

मी म्हटलं, मी वाजवीन. त्या म्हणाल्या, घाई करू नका फक्त. तुम्ही कंपनीवाले, तुमचा हात प्रॉडक्शनचा आहे.

आणि मग बबनराव आले.

बबनराव चाकणकडचे जुने शेतकरी. जमीन निम्मी कंपनीला गेली, उरलेल्यात कांदा. मोठमोठ्या दोन गाड्या भरून कुटुंब आणलं होतं, आजीपासून कडेवरच्या नातवापर्यंत. फोटोपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "ही गाडी आमचीच." मी हो म्हटलं. मग म्हणाले, "पणज्यानं आणलेली घंटा बघायची हाय." मनोऱ्याचा जिना एका वेळी एकच माणूस जाईल इतका अरुंद. माझा गुडघा त्या दिवशी ठणकत होता आणि त्याच वेळी शाळेची एक सहल दारात येऊन थडकली. मी बबनरावांना सांगितलं, वर जा, बघा, दोराला हात लावू नका. ते व्हय म्हणाले. आता आपल्याकडे घंटा दिसली आणि वाजवली नाही असा माणूस जन्माला आला असेल तर मला तो भेटलेला नाही.

पहिला टोला पडला तेव्हा मी पोरांना पेल्याचा पोचा दाखवत होतो. म्हटलं, वाजवला एक, जाऊ दे. देवळात माणूस आत शिरताना एकदा वाजवतो तसा. पण वर मोठं कुटुंब होतं. आणि कुटुंब शिस्तीचं. एकाने टोला द्यायचा, हात जोडायचे, डोळे मिटायचे, मनातलं काय असेल ते देवाला सांगायचं, बाजूला व्हायचं, मग पुढच्याने दोर धरायचा. आधी आजी, मग बबनराव, मग सुना, मग लेकरं. एक टोला, नाद विरला, मग दुसरा. नाद विरला, मग तिसरा. इतकी शुद्ध मयताची घंटा मला स्वतःला कधी वाजवता आली नव्हती.

मी जिन्याकडे धावलो. धावलो म्हणजे गुडघ्याने परवानगी दिली तितका. पण ज्यांचं वाजवून झालं होतं ते खाली उतरायला लागले होते. वरून आजी येतेय, एकेक पायरी, सून हात धरतेय, आणि मी खालून ओरडतोय, अहो थांबवा ते! आजी मला म्हणते, "दमानं दादा, सगळ्यांचा नंबर लागंल."

तोवर वस्ती उठली होती. बेकरीवाला आला, शिंपी आला, साळवेसर खिशात रुमाल कोंबत आले. एकीने येता येता झेंडूचा हारही आणला. आपसात कोणी काही विचारत नव्हतं, कारण विचारायचं काय? वस्तीत त्या वयाचं, त्या तब्येतीचं एकच माणूस होतं. कोणी तरी संजयला फोनही लावला. तो हिंजवडीतली मीटिंग अर्धी टाकून निघाला.

आणि एवढ्यात चर्चच्या मागच्या बाजूने, पांढरं लुगडं नेसून, काठी टेकत, रूथमावशी आल्या.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

हार आणलेल्या बाईने हार पदराखाली घेतला. मावशींनी एकेकाचं तोंड पाहिलं, हार पाहिला, साळवेसरांचा रुमाल पाहिला, आणि त्यांना उमगलं. मी घाबरलो. या वयात असा धक्का! पण मावशी निवांत बाकावर बसल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा सगळ्यांकडे नीट पाहून घेतलं. कोण आलंय आणि कोण आलेलं नाही. मग म्हणाल्या, "टेलर मास्तर, तुम्ही पण आलात? बरं वाटलं. आता आलाच आहात तर चहा घेऊन जा."

बबनरावांना खाली आल्यावर सगळं कळलं. गडी हबकलाच. कांद्याच्या बाजारात भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस, मावशींच्या पायाशी बसला. "आय, आमाला काय म्हाईत न्हाई. पाप झालं आमच्या हातनं."

मावशींनी त्याला विचारलं, दोन टोल्यांत एवढं अंतर ठेवायला कोणी शिकवलं? तो म्हणाला, कोणी नाही, हात जोडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मावशी माझ्याकडे वळल्या. "ऐकलंत, सोनवणे? टोला द्यायचा आणि हात जोडायचे. तेवढंच अंतर पाहिजे. आमच्या ह्यांना पण एवढं जमायचं नाही."

इथं हे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण बबनरावांच्या एका पुतण्याने वर झरोक्यातून मोबाइल चालू ठेवला होता. घरी गेल्यावर त्याने तो व्हिडिओ टाकला. घंटा वाजतेय, लोक रडवेले उभे आहेत, आणि मेलेली म्हातारी चालत येतेय. पुढच्या गुरुवारी चाकणहून अख्खी बस आली. काय, तर ही घंटा वाजवली की गेलेलं माणूस माघारी येतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यात सुधारणा झाली, आयुष्य वाढतं. मग शुगर कमी होते. एकजण कंपनीतून काढून टाकला होता तो आला. मी म्हटलं, भावा, नोकरीचं यात काही नाही. तो म्हणाला, नोकरी गेली म्हणजे मेल्यातच जमा ना, काका? तोही टोला देऊन, हात जोडून गेला.

मी पाटी लावली, 'घंटा वाजवू नये'. लोक पाटीलाही नमस्कार करायचे. मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलो, तर सहा फुटी जवान माणूस डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, आई आयसीयूत आहे, एकच टोला. त्याला काय अडवणार? सोडला. वस्ती मात्र हळूहळू बहिरी झाली. आधी बेकरीवाला दुसऱ्या टोल्यापर्यंत थांबायचा, मग थांबेनासाच झाला. पाव भरता भरता म्हणायचा, चाकणची गाडी आली वाटतं. मावशी दारात बसून सगळं ऐकत असायच्या. एकदाच म्हणाल्या, "सोनवणे, आता माझी वाजली तरी लोक म्हणतील, कोणाची तरी शुगर उतरतेय."

शेवटी कमिटीची मीटिंग झाली. मनोरा बंद, दोर काढून संग्रहालयाच्या कपाटात. रविवारसाठी वर स्पीकर बसवला, टायमर लावून. स्पीकरमधली घंटा कुठल्या तरी परदेशी चर्चची आहे, आवाज एकदम स्वच्छ, आणि शेवटी एक कुत्रा भुंकतो. मयताची बातमी व्हॉट्सॲप ग्रुपवर. साळवेसर म्हणाले, "सोनवणे, काळाबरोबर चाललं पाहिजे. आणि तो चपलांचा ढीग दारात पडलेला असतो तो आधी बंद होईल. हे काय देऊळ आहे?" मी दोराची गुंडाळी करून काचेमागे ठेवली, खाली चिठ्ठी चिकटवली, 'घंटेचा दोर'. लोक त्याही काचेला हात लावून कपाळाला लावू लागले.

पावसाळ्यानंतर मावशी ओट्यावर घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आता संजयने काही ऐकून घेतलं नाही, आणि त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? रावेतला न्यायला गाडीत बसवताना मी होतो. मावशींनी माझा हात धरला आणि विचारलं, "कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडेच," मी म्हटलं.

"बरं," म्हणाल्या, आणि काच वर करून घेतली.

एका सकाळी मी झाडू मारत होतो तेव्हा संजयचा फोन आला. आई गेली. रडत नव्हता, दमलेला वाटत होता. म्हणाला, तिने सांगून ठेवलं होतं की पाळकांच्याही आधी सोनवणेंना कळव, म्हणून तुम्हालाच पहिला केला. मी म्हटलं, कळलं. मग तो जरा अडखळला. "काका, फोन चालू ठेवाल का?"

कमिटीला विचारायचं मला सुचलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. सुचलं होतं. पण कमिटीला विचारलं की मीटिंग होते. मी कपाट उघडलं, दोर घेतला, मनोऱ्याचं कुलूप काढलं. गुडघ्याला म्हटलं, आज तू गप्प बस. वर जाऊन लोलकाला दोर बांधला, फोन झरोक्यात ठेवला आणि पहिला टोला दिला. नाद विरेपर्यंत हात जोडले. मग दुसरा. माझ्या घरात देव नाही, मी हात कोणाला जोडत होतो म्हणाल तर मावशींना. बबनराव ज्याला जोडत होते त्याला जोडायला माझी ना नाही.

झरोक्यातून वस्ती दिसते. शिंपी मशीनवर, मान वर केली नाही. बेकरीवाला पाव भरत होता. एकदा मनोऱ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा भरायला लागला. माझ्या डोळ्यांपुढे मावशी बाकावर बसून चष्मा पुसताना दिसायला लागल्या. आज त्यांनी पाहिलं असतं तर कोण आलं होतं? कोणीच नाही. इतकं वाईट मला फाउंड्री बंद झाली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तरी मी अंतर मोडलं नाही.

मग जिन्यात बुटांचा आवाज झाला. साळवेसर धापा टाकत, रागाने लाल होऊन वर आले.

"कोणाला सोडलंय वर? सोनवणे, तुम्ही? किल्ली दिली म्हणजे—"

"सर, मावशी गेल्या."

सर भिंतीला टेकले. शेवटचा टोला केव्हाच विरला होता आणि माझे हात नुसतेच जोडलेले राहिले होते. तेवढ्यात झरोक्यातल्या फोनमधून संजयचा आवाज आला.

"काका, थांबलात का? इथं फोन स्पीकरवर आहे. शेजारचे, खालचे, वॉचमनसुद्धा, सगळे उठून उभे राहिलेत."

साळवेसरांनी वाकून बूट काढले, भिंतीशी नीट ठेवले आणि माझ्या हातातून दोर घेतला.